तीस दिवसांच्या आत

कॉलेजच्या मागच्या फाटकासमोर एका जिन्याखाली दुकान होतं. दुकान म्हणायचं ते आपलं बोलायची पद्धत म्हणून, कारण एका माणसाला पाय दुमडून बसता येईल एवढीच ती जागा. एक बुटकं टेबल, वाळू भरलेली चामड्याची उशी, सात कोरण्या, एक हातोडी आणि डोळ्याला लावायचं भिंग. तिथे बसून खोदूकाका गेली सव्वीस वर्षं कप, ढाली, तबकं आणि पदकं यांच्यावर लोकांची नावं कोरत होते.

खोदूकाका हे नाव कॉलेजातल्या पोरांनी ठेवलेलं. काका अक्षरं खोदायचे हे एक कारण, आणि यादीतलं एकेक नाव खोदून खोदून विचारायचे हे दुसरं. वेलांटी पहिली की दुसरी, वडिलांचं नाव घालायचं की नाही, आडनावातला तो शब्द जोडून की तोडून. नाव कागदावर तीनदा वाचल्याशिवाय ते कोरणीला हात लावत नसत. त्यांचे वडीलही हेच काम करायचे. एकदा त्यांनी मोठ्या ढालीवर जिंकलेल्याऐवजी हरलेल्याचं नाव कोरलं होतं आणि ते भर समारंभात वाचलं गेलं होतं. वडील तीन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तेव्हा काका दहा वर्षांचे होते. कागदावर चुकलं तर खोडता येतं, पितळेवर चुकलं ते जन्माचं, हे त्या तीन दिवसांत त्यांच्या अंगात जे भिनलं ते कधी निघालंच नाही.

मग भीतीला काय, एकदा घर सापडलं की ती सगळ्या खोल्यांतून हिंडते. कुलूप लावलं की नाही हे बघायला काका अर्ध्या रस्त्यातून परत येत. दारावरची घंटा वाजली की आधी त्यांना वाईट बातमी आठवे, मग दूधवाला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही खोटं नाही. त्यांची बायको दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीवर बसायची आणि जिभेने तिखट होती. ती म्हणायची, "अहो, ज्या दिवशी भीती वाटणार नाही त्या दिवशी सांगा, मी डॉक्टरांना घेऊन येते."

आता नियमाची गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कॉलेजचे खेळाडू हौशी. त्यांनी खेळावर पैसा कमवायचा नाही. म्हणून रोख बक्षीस घ्यायचं नाही आणि विकून पैसे होतील अशी वस्तूही घ्यायची नाही. मग जिंकणाऱ्याला द्यायचं काय, नुसता टाळ्यांचा आवाज? यावर क्रीडा समितीच्या शहाण्या माणसांनी तोड काढली होती. वस्तू घ्या, पण तिच्यावर स्पर्धेचं नाव, वर्ष आणि खेळाडूचं नाव कोरून घ्या, तेही मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत. दुसऱ्याचं नाव खोल कोरलेली वस्तू बाजारात कोण घेणार? म्हणजे नाव पडलं की वस्तूची किंमत गेली आणि खेळाडूचा हौशीपणा राहिला. यंत्राने काढलेली अक्षरं घासून जातात, म्हणून समितीला हाताचंच काम लागे. कॉलेजच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक वस्तूपुढे कोरणाऱ्याने 'कोरले' असं लिहून सही करायची. ती सही नसेल किंवा खोटी निघाली, तर खेळाडू अपात्र.

काकांची एकुलती एक मुलगी त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती आणि ती चालायची. म्हणजे चालण्याच्या शर्यतीत उतरायची. ओळखीचे विचारत, मुलगी काय करते? काका सांगत, चालते. समोरचा थोडा वेळ वाट बघे, मग म्हणे, बरं, पण करते काय? कंबर हलवत, हात झुलवत ती मैदानाला फेऱ्या मारायला लागली की काठावरची पोरं हसत. ती दोन फेऱ्या मारेपर्यंत हसत, पंचवीस फेऱ्या झाल्यावर गप्प होत. या शर्यतीत एक पाऊल सतत जमिनीला टेकलेलं लागतं. दोन्ही पाय क्षणभर हवेत गेले की पंच ताकीद देतो, आणि तीन ताकिदी झाल्या की बाहेर. काकांना हा खेळ मनापासून पटला होता. त्यांना वाटे, इतकी जपून केलेली घाई दुसऱ्या कुठल्याच खेळात नसेल.

सात महिन्यांपूर्वी ती बाहेरगावच्या एका स्पर्धेत पहिली आली. बक्षीस म्हणून तिला चांगलं दणकट स्टॉपवॉच मिळालं. आतून पितळ, वरून निकेलचा मुलामा, पाठ गुळगुळीत. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तिने ते वडिलांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, यावर नाव घाला. तीस दिवसांच्या आत हं."

काका म्हणाले, घालतो की. आणि तिथेच सगळं अडलं.

जगाची नावं कोरणाऱ्या या माणसाने आपल्या मुलीचं नाव आजवर कशावर कोरलंच नव्हतं. आधीच्या स्पर्धांत तिला पदकं मिळाली होती, पण ती कोरूनच येत. हे पहिलं. त्यामुळे ते सगळ्यांत चांगलं व्हायला हवं होतं. त्यांनी कागदावर अक्षरं काढून पाहिली, उभी, तिरकी, गोल वळणाची. एक कागद आवडला तर दुसऱ्या दिवशी नावडे. कोरणी पाठीला लावली की मनात येई, पत्रा पातळ असेल, टोक आरपार जाईल, आतली चक्रं बिघडतील. कोरणी पुढे सरत नसे. मग ते घड्याळ फडक्यात गुंडाळून खणात ठेवत आणि दुसऱ्या कुणाचा तरी कप पुढे ओढत. दुसऱ्याच्या कपावर हात कसा सरळ चालायचा.

महिना भरता भरता कॉलेजचं रजिस्टर आलं. मुलीच्या नावापुढची जागा मोकळी होती. काकांनी मनाशी म्हटलं, आज ना उद्या कोरणारच आहे, घरचंच तर आहे. आणि लिहिलं, 'कोरले', खाली सही. सव्वीस वर्षांत त्यांनी न केलेल्या कामापुढे सही केली ती ही एवढीच. दिव्याखाली अंधार असतो, तो असा.

एकदा सही झाल्यावर तर घड्याळाला हात लावायची आणखीच भीती वाटू लागली. खण उघडायचं ते टाळू लागले. मुलीला वाटत होतं, काम कधीच झालंय आणि बाबांनी नीट सांभाळून ठेवलंय. महिने गेले. मुलगी विद्यापीठाच्या अंतिम फेरीसाठी निवडली गेली, घरात आनंद झाला, आणि त्या आनंदात काकांना रात्री झोप लागेना.

सोमवारी सकाळी ते दुकान उघडत होते तेव्हा शेजारच्या झेरॉक्सवाल्या मुलाने एक कागद आणून दिला. कॉलेजने नोटिशीच्या चाळीस प्रती काढायला दिल्या होत्या, त्यातली एक काकांसाठी होती. म्हणाला, "काका, तुमचंही नाव आहे यात." काकांनी वाचलं. गुरुवारी समितीच्या तपासनीस बाई येणार. निवडलेल्या प्रत्येक खेळाडूने मिळालेली बक्षिसं घेऊन हॉलमध्ये हजर राहायचं. कोरीव काम जुनं की ताजं हे बघायला जाणकार म्हणून कोरणाऱ्याने भिंग घेऊन यायचं. काकांनी कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"बरं नाही का, काका?" मुलाने विचारलं.

या झेरॉक्सवाल्या मुलाचीही काकांना भीती वाटायची, आणि तिला कारण होतं. चार वर्षांपूर्वी तो याच कॉलेजचा अडथळ्यांच्या शर्यतीचा खेळाडू होता, आणि चांगला होता. त्याला दुसऱ्या गावी एक तबक मिळालं होतं, कोरलेलंही तिथल्याच कोणा कारागिराने. तपासणीत कुणीतरी शंका काढली की दोन वर्षं ते कोरंच पडून होतं, नोटीस लागल्यावर घाईने कोरून आणलंय. याच तपासनीस बाईंनी ते काकांच्या हातात दिलं. पितळ ताजं कापलं की खाच पिवळीधमक दिसते. हवा लागून, घाम लागून सहा-आठ महिन्यांत ती तपकिरी पडते. काकांनी भिंग लावलं. खाचा पिवळ्याधमक होत्या. ते म्हणाले, "गेल्या आठवड्यातलं काम आहे. पितळ खोटं बोलत नाही." मुलगा सांगत होता की त्याची आई सुट्या भागांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, तिने तबक तेलाच्या कागदात बांधून ठेवलं होतं. त्यावर काका हसले होते. असली कारणं त्यांनी पुष्कळ ऐकली होती. मुलाला एक वर्ष बंदी झाली. वर्ष संपल्यावर तो मैदानावर आला नाही, फाटकासमोर झेरॉक्सच्या यंत्रापाशी येऊन बसला. रोज तो काकांना नमस्कार करी. शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं काकांना वाटे.

सोमवार गेला, मंगळवार गेला. घरात मुलगी बूट पुसत होती, वेळा लिहून ठेवत होती. मंगळवारी जेवताना तिने सहज म्हटलं, बाबा, गुरुवारी घड्याळ लागेल. काकांनी मान हलवली. ताटातला भात तसाच राहिला. बायकोचं लक्ष होतं.

बुधवारी दुपारी काकांनी दुकानाचं दार आतून ओढून घेतलं आणि खण उघडला. फडकं सोडलं. घड्याळ उशीवर ठेवलं, पाठीवर पांढरा रंग फासला, शिसपेन्सिलीने रेघा आखल्या, नाव तीनदा वाचलं. आणि गंमत बघा, सात महिने न चाललेला हात त्या दुपारी लोण्यातून फिरावा तसा फिरला. पत्रा पातळ नव्हता, चांगला जाड होता. दोन तासांत काम झालं. मुलीचं नाव, स्पर्धेचं नाव, वर्ष. अशी अक्षरं त्यांच्या हातून आजवर उतरली नव्हती. आणि ती प्रत्येक खाचेतून पिवळीधमक ओरडत होती की आम्ही आज जन्मलो.

यावर उपाय काकांना ठाऊक होता. नवसागर पाण्यात विरघळवून खाचांत लावला की पितळ एका दुपारीत काळवंडतं, वर्षाचं जुनं दिसतं. त्यांनी वाटीत पाणी केलं, बारीक कुंचला भिजवला आणि घड्याळावर धरला. थेंब टोकाशी लोंबत होता. कुंचला खाली जाईना. वाटलं, हे पाणी कडेच्या फटीतून आत गेलं तर? चक्रं गंजली आणि उद्या बाईंनी बटण दाबल्यावर काटा हललाच नाही तर? चोरी करायलाही छाती लागते, आणि ती देवाने या माणसाला दिलीच नव्हती. तेवढ्यात दारावर थाप पडली. काकांनी वाटी खाली ठेवताना अर्धं पाणी मांडीवर सांडलं.

दारात बायको होती. दवाखाना सुटल्यावर ती सरळ इकडे आली होती. तिने वाटी पाहिली, घड्याळ पाहिलं, त्यावरची अक्षरं पाहिली आणि उंबऱ्यावरच बसली. सव्वीस वर्षं कोरणाऱ्याच्या घरात काढलेल्या बाईला ताजं पितळ ओळखायला भिंग लागत नाही. काकांनी सगळं सांगितलं, खाली बघत, सहीसकट.

तिने घड्याळ उशीवरून उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "माझ्या हातून चुकीची गोळी गेली की मी त्याच दिवशी पेशंटच्या घरी जाते. नोकरीची भीती मलाही वाटते. पण दुसऱ्या दिवशी जाऊन उपयोग नसतो." एवढं बोलून तिने वाटी उचलली आणि बाहेरच्या मोरीत ओतून दिली. मुलीला सांगू का, असं काकांनी विचारलं. ती म्हणाली, तुम्हीच सांगा. काकांनी रात्री सांगायचं ठरवलं, मग सकाळी सांगायचं ठरवलं, आणि सकाळी मुलगी लवकर सरावाला निघून गेली होती.

गुरुवारी हॉलमध्ये दोन टेबलं जोडून लावली होती. एका बाजूला तपासनीस बाई, शेजारी रजिस्टर, त्यांच्या डावीकडे भिंग घेऊन काका. समोर खेळाडूंची रांग. बाई साठीकडे झुकलेल्या, बारीक चष्म्याच्या, आणि मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी काकांची चौकशी केली आणि सांगितलं की तुमचं ते वाक्य मी इतर कॉलेजांत नेहमी सांगते, पितळ खोटं बोलत नाही. काकांनी हसायचा प्रयत्न केला. रांगेत मुलगी नववी होती. तिच्या हातात ते घड्याळ होतं, सकाळी तिच्या आईने दिलेलं, डबीत बंद. तिने डबी उघडून पाहिली आहे की नाही हे काकांना तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

एक झाला, दोन झाले. कप, पदक, ढाल. काका भिंग लावत, जुनं आहे म्हणत. स्वतःचाच आवाज त्यांना विहिरीतून आल्यासारखा ऐकू येत होता. प्रत्येक वस्तूबरोबर मुलगी एक पाऊल पुढे येत होती. त्यांनी मनाशी आशा धरली होती की आपल्याच मुलीची वस्तू म्हणून बाई ती बघणार नाहीत, आणि त्याच वेळी त्यांना वाटत होतं की बाईंनी ती आधी बघावी आणि हे एकदाचं संपावं.

आठवी गोळाफेक करणारी मुलगी होती. तिच्या वडिलांचं गॅरेज. तिने पिशवीतून कप काढला तो सगळा ग्रीसने माखलेला. ती लाजून म्हणाली की बाबा घरातल्या प्रत्येक आवडत्या वस्तूला ग्रीस फासतात, कप आल्या दिवशीच फासलं आणि प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावर ठेवलं. रांगेत हशा पिकला. काकांनी फडक्याने ग्रीस पुसलं आणि त्यांचा हात थांबला.

अक्षरं त्यांचीच होती. सव्वा वर्षापूर्वी त्यांनीच कोरलेली, तारीख रजिस्टरमध्ये समोर होती. आणि खाचा पिवळ्याधमक होत्या. काल दुपारी कोराव्या तशा.

काकांनी भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. हवा लागली नाही तर पितळ काळं पडत नाही. साधी गोष्ट. सव्वीस वर्षं ते वस्तू कोरून देत आले होते, पण ती घरी गेल्यावर तिचं काय होतं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. तेलाचा कागद, तो मुलगा म्हणाला होता. आईने तेलाच्या कागदात बांधून ठेवलं होतं. आणि आपण हसलो होतो.

"काय झालं?" बाईंनी विचारलं. काका कसेबसे म्हणाले, हे माझंच काम आहे, सव्वा वर्षाचं, गुंडाळून ठेवल्यामुळे ताजं दिसतंय. बाईंनी कप हातात घेऊन पाहिला आणि मान डोलावली. असंही होतं तर, म्हणाल्या. रजिस्टरमध्ये खूण केली. मग नववी पुढे आली आणि तिने डबी उघडून घड्याळ टेबलावर ठेवलं.

बाईंनी ते उलटं केलं. खिडकीतल्या उजेडात अक्षरं लखलखली. त्यांनी रजिस्टरमधली सात महिन्यांपूर्वीची सही पाहिली, काकांकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि अगदी सहज म्हणाल्या, "हेही गुंडाळूनच ठेवलं असेल ना?"

नुसती मान हलवायची होती. तोंडही उघडायला नको होतं. फडक्यात गुंडाळलेलं तर होतंच, तेवढं खरंच होतं. मुलीची अंतिम फेरी, तिचे दोन वर्षांचे पहाटेचे सराव, सगळं त्या एका होकारावर होतं, आणि होकार बाईंनी आयता पुढे ठेवला होता. जे कारण सांगून एक मुलगा खरा असताना खोटा ठरला, तेच कारण सांगून आपण खोटे असताना खरे ठरणार, हे त्यांना स्वच्छ दिसलं. त्यांना आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. मान हलवायचीही भीती, न हलवायचीही.

"नाही," ते म्हणाले. "हे मी काल कोरलं. सही खोटी आहे. मुलीला यातलं काही माहीत नाही."

मुलगी वडिलांकडे बघत राहिली. मग ती बाईंना म्हणाली, "मी तिसऱ्याच दिवशी दिलं होतं त्यांच्याकडे." थोडं थांबून पुन्हा तेच म्हणाली, या वेळी वडिलांकडे बघून.

काकांनी जबाब लिहून दिला. त्यात त्यांनी तबकाचंही लिहिलं, की चार वर्षांपूर्वी मी जे खात्रीने सांगितलं त्याची मला आता खात्री नाही. बाईंनी तो भाग दोनदा वाचला. जुनी फाईल 'खात्री नाही' एवढ्यावर उघडत नाही, म्हणाल्या. काही पुरावा असेल तर आणा.

निकाल चार दिवसांनी आला. वस्तू मुदतीत कोरून घेणं ही जबाबदारी खेळाडूची, दिली कुणाकडे हा प्रश्न वेगळा. तिने मुदतीत दिली होती हे लक्षात घेऊन वर्षाची बंदी नाही, पण ही अंतिम फेरी तिला खेळता येणार नाही. काकांची सही यापुढे कुठल्याही रजिस्टरमध्ये चालणार नाही. सात महिने ज्याला भ्याले ते सगळं, एक अक्षरही न चुकता, झालं.

मुलगी रडली ती आईजवळ. वडिलांशी ती बोलत नव्हती. सरावाला मात्र रोज जात होती. काकांनी एकदा फाटकातून पाहिलं, ती एकटीच फेऱ्या मारत होती, आणि काठावर हसायलाही कुणी नव्हतं. ते तसेच मागे फिरले.

दुकानात काम उरलं नव्हतं. दोन दिवस ते रिकाम्या टेबलापाशी बसले. तिसऱ्या दिवशी उठून शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. यंत्र चालू होतं. मुलाने नेहमीसारखा नमस्कार केला. सांगायला चार वाक्यं होती, काकांना ती सांगायला अर्धा तास लागला. मुलगा कागद जुळवत राहिला. त्याने सगळं आधीच ऐकलं होतं, गावभर झालं होतं. शेवटी त्याने यंत्र बंद केलं.

"ते परत मिळालं त्याच दिवशी आईने पुन्हा बांधून ठेवलंय," तो म्हणाला. "चार वर्षं कुणी सोडलं नाही. बघायचंय?"

काकांना बघायचं नव्हतं. आतून काळं निघालं तर आपण तेव्हा बरोबर होतो, आणि पिवळं निघालं तर? संध्याकाळी पाचला येतो म्हणाले. ते घरून निघायला चप्पल घालत होते तेव्हा मुलगी पायऱ्यांवर बूट सोडत बसली होती. कुठे चाललात, असं तिने विचारलं नाही. बायकोने आतून सांगितलं. मुलीने सोडलेले बंद पुन्हा बांधले आणि ती निघाली, वडिलांच्या पुढे सहा-सात पावलं, न बोलता. वळणावर मात्र ती दोनदा थांबली.

मुलाचं घर दोन खोल्यांचं होतं. त्याची आई नुकतीच कारखान्यातून आली होती, बोटांना अजून तेलाचा वास होता. तिने पलंगाखालची पेटी ओढली आणि एक चपटं पुडकं काढून काकांसमोर ठेवलं. प्लास्टिक, त्याच्या आत तेलकट पिवळा कागद, घड्या अशा बसवलेल्या की यंत्राचा भागच असावा. "मी तेव्हाच म्हणत होते, मी येऊन सांगते, मी बांधलंय म्हणून," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "पण मला कुणी बोलावलंच नाही. तुम्हीच सोडा आता."

काकांची बोटं गाठीवर घसरत होती. मुलगी पुढे झाली, तिने गाठ सोडून दिली आणि मागे उभी राहिली. काकांनी कागद उलगडला. एक घडी, दुसरी घडी, तिसरी. मग तबक उजेडात धरलं.

भिंगाची गरजच पडली नाही. चार वर्षांनंतरही अक्षरं पिवळीधमक होती, गेल्या आठवड्यात कोरल्यासारखी.

मुलगा भिंतीला टेकून उभा होता. काका तबकाकडे बघत होते आणि त्यांच्या ध्यानात आलं की त्या तपासणीच्या दिवशी त्यांनी खाचांचा रंग पाहिला होता, धार पाहिली होती, खोली पाहिली होती. त्यावर कोरलेलं नाव त्यांनी वाचलंच नव्हतं. त्यांनी तबक दोन्ही हातांनी धरलं आणि ते नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा.